रंग मुळाला, तेल शेंड्याला

रंगाने खराब झालेला केस डोळ्यांआधी माझ्या हाताला कळतो. ओला केला की तो पाणी लगेच पिऊन घेतो, बोटांना बुळबुळीत लागतो आणि वाळायला मात्र फार वेळ लावतो. चांगल्या केसावर पाण्याचा थेंब क्षणभर तरी थांबतो, या केसावर तो थांबतच नाही. ओला असताना एक केस दोन चिमटींत धरून हळूच ताणला तर लांबत जातो आणि मागे येत नाही, नाहीतर पटकन तुटतो. एवढं पाहिलं की खुर्चीवरच्या बाईला फार विचारावं लागत नाही. तरी मी विचारते, कारण पुढचं सगळं तिच्या उत्तरावर अवलंबून असतं.

आमचं रामाकोना छिंदवाडा-नागपूर वाटेवरचं, कन्हानच्या काठचं गाव. 2023 साली पांढुर्णा जिल्हा वेगळा झाला, तोवर आम्ही छिंदवाड्यात होतो. राज्य मध्य प्रदेश, कचेरीची भाषा हिंदी, घरातली मराठी, आणि लग्नाचा बस्ता, मोठा दवाखाना, फॅशन हे सगळं नागपूरचं. पार्लरचं सामानही तिकडूनच यायचं. आधी छोट्या लाईनच्या रेल्वेने, आणि 2015 साली ती गाडी बंद झाल्यावर मोठी लाईन होईपर्यंत बसने. बेसिक कॉस्मेटॉलॉजीचा कोर्स मी नागपूरलाच केला. तिथे रंग कसा कालवायचा, कसा लावायचा, कोणत्या शेडवर कोणती शेड बसते, हे नीट शिकवलं. पण वर्षानुवर्षं रंग लावून झालेल्या केसांचं पुढे काय करायचं, हे मला गावातल्या बायकांच्या डोक्यांनी शिकवलं.

रंगाची सुरुवात बहुतेक बायका पार्लरमध्ये करत नाहीत, घरी करतात. किराणा दुकानाच्या दारातच पुड्यांच्या माळा लटकलेल्या असतात. शाम्पू, काळी मेहंदी, पावडर डाय, क्रीम डाय. काळ्या मेहंदीबद्दल मला फार बोलावं लागतं. खऱ्या मेहंदीच्या पानाचा रंग तांबूस-नारिंगीच येतो. मेहंदीवर नीळ, म्हणजे निळीच्या पानांची पूड, वेगळी लावली तर काळेपणा येतो, पण त्याला दोन वेळा बसावं लागतं आणि काही तास जातात. अर्ध्या तासात केस कोळशासारखे काळे करणारी जी मेहंदी असते, तिच्यात डायमधलंच रसायन असतं. पॅराफिनायलिनडायअमाईन हे त्याचं नाव, पार्लरच्या भाषेत पीपीडी. पाकिटावर पान काढलेलं असतं म्हणून बाई निर्धास्त असते. ‘मी डाय नाही लावत, मेहंदी लावते’, असं ती मला मनापासून सांगते. मग मी पाकीट मागून घेते आणि मागची बारीक अक्षरं तिच्यासमोर वाचते.

मला सगळ्यात उशिरा कळलेली आणि सगळ्यात उपयोगी पडलेली गोष्ट या पुडीचीच आहे. एक पुडी साधारण पूर्ण डोक्याला पुरेल एवढी असते. केस महिन्याला जेमतेम सेंटीमीटर-सव्वा सेंटीमीटर वाढतो. म्हणजे पंधरा दिवसांनी बाई रंगायला बसते तेव्हा पांढरं दिसत असतं अर्धा सेंटीमीटर, तेही भांगात आणि कानशिलांवर. एवढ्याला पाव पुडीही लागत नाही. पण एकदा कालवलेला डाय ठेवता येत नाही, हवा लागून तो वाटीतच काळा पडून निकामी होतो. मग पैसे टाकून आणलेली वस्तू फेकायची कशी? उरलेला सगळा रंग ती लांबीवर ओढते. अशा रीतीने जो केस आधीच काळा आहे, त्यालाच पुन्हा रंग बसतो. कमरेपर्यंत केस असलेल्या बाईच्या शेंड्यांनी कित्येक वर्षांचे रंग खाल्लेले असतात. मी पाहिलेल्या बहुतेक कोरड्या केसांमागे ही काटकसर होती. हौस फार थोड्या ठिकाणी होती.

केसाच्या आत काय होतं, ते मी बायकांना केस हातात धरून सांगते. केसावर खवल्यांचं एक आवरण असतं आणि त्या आवरणावर जन्मजात चिकटलेला तेलकट थर. त्यामुळेच केस घसरतो, चमकतो, पाणी झटकतो. डायमधला अमोनिया, किंवा ‘अमोनिया फ्री’ पाकिटात त्याच्या जागी घातलेला दुसरा क्षार, ही खवली फुगवून उघडतो. मग हायड्रोजन पेरॉक्साइड आत जातं आणि केसाचा मूळ रंग फिका करतं. पीपीडीचे बारीक रेणू आत शिरून एकमेकांना जुळतात, मोठे होतात आणि बाहेर पडू शकत नाहीत. म्हणून हा रंग धुतल्याने जात नाही. या सगळ्यात वरचा तेलकट थर निघून जातो, आणि त्या केसावर तो पुन्हा तयार होत नाही. डोक्याच्या कातडीबाहेर आलेला केस जिवंत नसतो. हाताला कापलं तर जखम भरते, केसाची भरत नाही. ‘डॅमेज रिपेअर’ लिहिलेली बाटली पाहिली की मी हेच सांगते. त्या बाटलीने केस काही दिवस मऊ लागेल, विंचरताना कमी तुटेल, आणि तेवढ्यासाठी ती वापरायलाही हरकत नाही. पण बिघडलेला केस बरा होत नसतो. कापला जाईपर्यंत तो सांभाळायचा असतो.

हे कळल्यावर सुरुवातीची बरीच वर्षं मी एकच सल्ला द्यायचे की रंग बंद करा. तो सल्ला बदलायला लावला संत्र्याच्या बागेत आणि कापूस वेचायला जाणाऱ्या एका बाईने. ओढणी सोडून ती म्हणाली, ‘ताई, तेल लावतो, तरी कोरडेच राह्यते वो. कंगवा लावला का गुच्छाच्या गुच्छा हातात येते.’ दर पंधरा दिवसांनी काळी मेहंदी लावत होती. मी म्हटलं, बंद कर. तिने मान हलवली. ‘पांढरे दिसले का मुकादम म्हणते म्हातारी झाली. मंग दुसरीले नेते कामावर.’ तिचं वय जेमतेम चाळीस.

त्यानंतर मी कान देऊन ऐकायला लागले. मुलीला पाहायला पाहुणे येणार असतात आणि आईचे केस पांढरे दिसले तर ‘वय झालेली आई, जबाबदारी आपल्यावर येईल’ असं लोक बोलतात. नवरा गेलेल्या एकीने वर्षभर रंग लावला नव्हता, पुन्हा लावायला आली तेव्हा सासरची माणसं काय म्हणतील या धास्तीने तिने दुपारची, गल्ली सामसूम असतानाची वेळ मागितली. एका शिक्षिकेला वर्गातली पोरं ‘आजी’ म्हणायला लागली होती. यांतल्या एकीलाही ‘नैसर्गिक राहा’ असं सांगण्याचा मला अधिकार नाही, असं मला ठामपणे वाटतं. पांढऱ्या केसांची किंमत त्या मोजतात, मी मोजत नाही. माझं काम एवढंच, की रंग लावायचाच असेल तर केसाचं कमीत कमी नुकसान होईल असा लावायला शिकवणं.

म्हणून आता माझा पहिला धडा अर्ध्या पुडीचा असतो. पावडर डाय असेल तर लागेल तेवढीच पूड कोरड्या चमच्याने काढायची, बाकीची घट्ट झाकणाच्या डबीत, पाणी न लागू देता ठेवायची. क्रीमचं पाकीट असेल तर दोघी जावांनी एकाच दिवशी बसून वाटून घ्यायचं. जुन्या ब्रशने फक्त मुळाशी लावायचं. त्याआधी भांगापासून बोटभर सोडून खालच्या सगळ्या लांबीला खोबरेल तेल चोपडायचं, म्हणजे चुकून ओघळलेला रंग तिथे कमी चढतो. पाकिटावर लिहिलेली वेळ झाली की धुवायचं, जास्त ठेवल्याने रंग जास्त पक्का होत नाही. आणि पंधरा दिवसांऐवजी महिन्याने लावायचं. मधल्या दिवसांत भांग बदलायचा, नागमोडी काढायचा, फारच दिसत असेल तर फक्त कानशिलाला हात लावायचा. पार्लरमध्ये याला रूट टच-अप म्हणतात. यात पैसे कमी मिळतात, ग्लोबल, म्हणजे पूर्ण लांबीला रंग, केल्यावर जास्त मिळतात. तरीही काळ्याच्या काळ्या लांबीवर ग्लोबल करणं मी सोडून दिलं आहे.

एकदा पोळ्याच्या तोंडावर एक शेतकरी भाऊ दारात उभे राहिले. डोळे जवळजवळ मिटलेले, कपाळ आणि कान सुजलेले, टाळूवर पाणी सुटलेलं. आदल्या दिवशी सलूनमध्ये डाय केला होता. बायकोचा आग्रह होता की पार्लरवाल्या ताईकडे जा, काहीतरी लावून देईल. मी काहीही लावलं नाही, त्यांना त्याच पावली डॉक्टरकडे पाठवलं. ही पीपीडीची अ‍ॅलर्जी असते. वर्षानुवर्षं काही होत नाही आणि मग एके दिवशी अचानक उठते, आणि एकदा उठली की पुढच्या वेळी जास्त जोरात येऊ शकते. अशा माणसाने पीपीडी असलेला कोणताही डाय पुन्हा लावू नये, काळी मेहंदीसुद्धा. डायच्या पाकिटावर आधी चाचणी करण्याची आणि भुवया-पापण्यांना न लावण्याची सूचना छापणं आपल्याकडे कायद्याने बंधनकारक आहे, ती असतेही, पण मुंगीच्या अक्षरांत. कानामागे किंवा कोपराच्या आतल्या बाजूला थोडा डाय लावून 48 तास वाट पाहायची, खाज किंवा लाली आली तर लावायचा नाही. हे केल्याशिवाय मी नव्या माणसाला रंग लावत नाही. ‘लग्न उद्या आहे’ असं म्हणणाऱ्यांनाही नाही. काही जण रागावून दुसरीकडे गेले.

आता पाण्याविषयी. आमचा बराचसा भाग बोअरच्या पाण्यावर चालतो, आणि काळ्या दगडातून येणारं हे पाणी जड असतं. गिझरच्या कांडीवर, पातेल्याच्या तळाशी जो पांढरा थर बसतो, तोच केसांवरही बसतो. रंगवलेला केस उघडा पडलेला असल्याने तो क्षार जास्त धरतो. गावातल्या बायका म्हणतात, पावसाळ्यात केस मऊ होतात. त्यांचं बरोबर आहे. पत्र्यावरून पिंपात साठवलेल्या पावसाच्या पाण्यात हे क्षार जवळजवळ नसतातच. म्हणून मी सांगते, पहिला पाऊस पत्रा धुऊन जाऊ द्या, नंतरचं पाणी डोक्यासाठी धरून ठेवा. बाकीच्या ऋतूंत पूर्ण अंघोळ बोअरच्याच पाण्याने करा, शेवटचा एक तांब्या मात्र आरओच्या कॅनमधला घ्या. तोही नसेल तर तांब्याभर पाण्यात चमचाभर लिंबाचा रस घालून लांबीवर ओता आणि साध्या पाण्याने धुवा. आंबटपणाने खवली बसतात आणि थोडे क्षारही सुटतात. लिंबू तसंच ठेवून उन्हात मात्र जायचं नाही, त्याने केस आणखी फिका आणि रखरखीत होतो.

तेलाचा मुद्दा रुचीचा नाही, वेळेचा आहे. आपल्याकडे नाहून झालं की कोरड्या केसांना तेल लावायची सवय आहे. रंगवलेल्या केसाला ते नाहण्याआधी हवं. पाण्यात केस फुगतो आणि वाळताना आकसतो, या प्रत्येक फुगण्या-आकसण्यात त्यातलं प्रथिन थोडंथोडं निघून जातं. खोबरेल तेलाचा रेणू लहान आणि सरळ असल्याने केसाच्या आत शिरतो आणि हे फुगणं कमी करतो. आरती रेळे आणि आर. बी. मोहिले यांनी 2003 साली खोबरेल, सूर्यफुलाचं तेल आणि खनिज तेल यांची तुलना प्रसिद्ध केली होती. त्यात प्रथिनाची झीज खोबरेलनेच कमी केली होती, ब्लीच केलेल्या केसांतसुद्धा. आजीचं खरं निघालं याचा मला मनापासून आनंद झाला होता. रात्री, निदान दोन तास आधी, मधल्या लांबीपासून शेंड्यांपर्यंत तेल चोळायचं. टाळूला थोडंच पुरे.

आमच्याकडे जवस पिकतं, म्हणून जवसाचं तेलही बायका लावतात. ते लावून दिवसभर ठेवू नये, हवेने चिकट होतं आणि मग दोन शाम्पूंतही निघत नाही. जवस उकळून जो चिकट रस निघतो तो मात्र चांगला. गाळून शेंड्यांना लावला की केस सुटे राहतात. मेथ्यांच्या पाण्याचंही तसंच. मोहाच्या टोळीचं, म्हणजे बियांचं, तेल थंडीत थिजतं, तळहातावर विरघळवून अगदी थेंबभर शेंड्यांना लावलं तर दिवसभर टिकतं. अंडं मी सांगत नाही. त्यातलं प्रथिन इतकं मोठं असतं की केसात शिरत नाही, आणि कोमट पाण्याने धुतलं तर वास दोन दिवस जात नाही. खायचा सोडा केसांना लावायचा सल्ला कुठून पसरला कोण जाणे. तो क्षारधर्मी आहे, खवली पुन्हा उघडतो, रंगवलेल्या केसाला त्याच्याइतकं वाईट घरात दुसरं काही नाही. रिठा-शिकेकाई निरोगी केसांना उत्तम, पण रंगाने कोरडे झालेले केस त्यांनी आणखी खरखरीत लागतात, म्हणून त्यानंतर कोरफड किंवा कंडिशनर हवंच.

कंडिशनरबद्दल गावात मोठी भीती आहे की त्याने केस गळतात. टाळूवर थापलं तर केस चिपचिपीत होतात, त्यातून ही समजूत आली असावी. खराब झालेल्या केसावर ऋण विद्युतभार असतो, कंडिशनरमधल्या द्रव्यावर धन. म्हणून जिथे केस जास्त बिघडलेला, तिथेच ते जास्त चिकटतं. शाम्पू टाळूला, कंडिशनर लांबीला, एवढं मी प्रत्येकीकडून म्हणवून घेते. दोन मिनिटं ठेवून मोठ्या दातांच्या कंगव्याने शेंड्यांकडून वर सोडवत जायचं. ओला केस सगळ्यात कमजोर असतो आणि आपण नेमकं तेव्हाच मुळापासून खसाखसा विंचरतो.

एका नवरीची गोष्ट मला विसरता येत नाही. लग्नाला दोनेक महिने असताना शहरातल्या एका पार्लरमध्ये तिने ब्लीच करून हायलाइट केले. घरच्यांना आवडले नाहीत म्हणून त्यावर काळा रंग. काळ्यावर केस राठ दिसले म्हणून स्मूथनिंग. माझ्याकडे आली तेव्हा हळदीला चार दिवस होते आणि कानाखाली वीतभर अंतरावर केस एकसारखे तुटत होते. आई म्हणाली, ‘काहीतरी स्पा कर, पण कापू नको, नवरीचे केस कापत नाहीत.’ मी त्यांना खरं तेच सांगितलं, की स्पाने हे केस चार दिवस चमकतील आणि तुटायचे थांबणार नाहीत. बराच वेळ कोणी बोललं नाही. शेवटी मुलगीच म्हणाली, कापा. तुटत होतं तिथवर कापून उरलेल्या केसांत गंगावन घालून अंबाडा बांधला, वर मोगरा. लग्न छान झालं. त्या दिवसापासून मी एक नियम पाळते. एका केसावर एका हंगामात एकच रासायनिक काम, रंग किंवा स्मूथनिंग, दोन्ही नाही. आणि इस्त्री फिरवायचीच असेल तर पूर्ण वाळलेल्या केसावर, 150 ते 180 अंशांच्या आत.

ऊन हा आमच्या बायकांचा रोजचा प्रश्न आहे. पार्लरच्या पुस्तकांतला सनस्क्रीन स्प्रे निंदणाला किंवा कापूस वेचायला जाणाऱ्या बाईला सांगणं व्यर्थ आहे. उन्हाने रंग उडतो आणि केस आतून झिजतो, पण डोक्याला बांधलेलं जाड सुती फडकं हे पुष्कळ अडवतं. मी फक्त इतकंच वाढवलं आहे की वेणी घालून तीही फडक्याच्या आत गुंडाळायची, पाठीवर मोकळी सोडायची नाही. शेंडे सगळ्यात जुने असतात आणि ऊन तेच सगळ्यात जास्त खातात.

आणि शेवटी कात्री. पाठीपर्यंतचे केस पूर्ण नवे व्हायला तीन वर्षांहून जास्त काळ लागतो. एवढी वाट पाहायला कोणी तयार नसतं, आणि एकदम खांद्यापर्यंत कापायलाही आमच्याकडे बायका धजत नाहीत. म्हणून दर दोन-तीन महिन्यांनी बोटभर. वरून मुळाला जपून रंग, मध्ये तेल, खालून कात्री. ज्यांनी नेटाने हे केलं, त्यांच्यात वर्षाच्या आत फरक दिसतो. कंगव्यात केस कमी येतात, वेणीचा शेवट जाड होतो. त्या शिक्षिकेने मात्र हळूहळू रंगच सोडला, आता तिचे केस खांद्यापर्यंत, करडे आणि घट्ट आहेत.

कापूस वेचणारी ती बाई अजून रंग लावते. जावेबरोबर एक पाकीट वाटून घेते, महिन्यातून एकदा, आणि पिंपातलं पावसाचं पाणी संपलं की शेवटच्या तांब्यासाठी माझ्याकडून आरओचं पाणी घेऊन जाते. मागच्या वेळी तिचे केस पाहिले तेव्हा वरचा अर्धा भाग चांगला लागला. खालचा अजून जुनाच आहे, त्यातला बोटभर दिवाळीनंतर वेचणी संपली की कापायचा आहे.